छाईबाबूंची करडी प्रिंट

रिकाम्या खोलीत शिरतानासुद्धा छाईबाबू आधी दारावर टकटक करत. खोली स्वतःची असली तरी. सकाळी ऑफिसात आले की आपल्याच केबिनच्या दाराशी उभे राहायचे, बोटाच्या पेरांनी दार वाजवायचे, क्षणभर कान द्यायचे आणि मग कुलपात किल्ली घालायचे. बाहेरून कुलूप असलेल्या खोलीत कोण असणार? पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. मी नवी होते आणि जीभ माझी पहिल्यापासून तिखट. "साहेब, आत तुम्हीच जायचे आहात ना? मग परवानगी कुणाची घेता?" असं मी विचारलं. ते रागावले नाहीत. "सवय आहे," म्हणाले, आणि दार उघडून चारी कोपऱ्यांकडे बघूनच आत गेले.

माझे यजमान बँकेत. त्यांची कलकत्त्याला बदली झाली तेव्हा साठचं दशक संपत आलं होतं, आणि त्या शहराचं नाव काढलं की पुण्याचे नातेवाईक आमच्याकडे दयेनं बघत. मी भूगोलाची एम. ए. दिवसभर घरात बसून माशांच्या वासाला नाक मुरडण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून अर्ज टाकला, आणि विमानातून घेतलेल्या फोटोंवरून नकाशे करणाऱ्या एका सरकारी ऑफिसात मला जागा मिळाली. फोटो विभागाचे प्रमुख मराठी आहेत हे ऐकून मी हरखले. पण हे मराठी म्हणजे कलकत्त्यातच जन्मलेलं आणि तिथेच मुरलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "चहा खाल ना?" बंगाली माणूस चहा, पाणी, सिगारेट, सगळं खातोच. मी म्हटलं, "खाईन की, फक्त चावायला लागू नये." त्यावर ते इतके मोकळे हसले की माझं बुजणं तिथेच संपलं.

आमचं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर या माणसाचं वेड कळायचं नाही. विमान वरून जमिनीचे फोटो घेत जाई आणि त्याची फिल्म आमच्याकडे येई. फिल्म एकच, पण तिच्यावरून प्रिंट मात्र अनेक तऱ्हांच्या निघत. कडक कागदावर काढली की काळं ते काळंकुळकुळीत आणि पांढरं ते पांढरंशुभ्र. रस्ते, रूळ, कालवे कसे स्वच्छ उठून दिसत. मऊ कागदावर काढली की सगळं करडं, मवाळ, जरा आजारी दिसणारं. ज्याला जशी हवी तशी मागायची सोय होती. पण मागायचं कुणाच्या डोक्यातच येत नसे. "अमुक भागाचे फोटो पाठवावेत" एवढंच लोक कळवत, आणि मग ऑफिसनं एकदा ठरवून ठेवलेली असे ती प्रिंट जाई. तिला स्टॅण्डर्ड प्रिंट म्हणायचे. इंजिनियर, कलेक्टर, पुराच्या मदतकार्याचे लोक, सगळे तीच टेबलावर पसरत आणि जमीन अशीच आहे असं धरून चालत.

छाईबाबूंचं सगळं भांडण या स्टॅण्डर्डशी होतं. "लोक निवडत नाहीत, लीलाबाई," ते मला म्हणायचे, "पुढ्यात येईल ते बघतात. निवडतो आपण. आणि मग घरी जाऊन जेवतो." ऑफिसची जुनी रीत कडक प्रिंटची होती. हे मात्र आपल्या अधिकारात डार्करूमला मऊ कागद वापरायला लावत आणि बाहेर सगळीकडे मऊच प्रिंट धाडत. तक्रारी येत. डार्करूमचे मोंटूदा तर रोज सकाळी ओल्या प्रिंट माझ्यापुढे नाचवत म्हणायचे, "दिदी, एते प्राण नेई!" यात जीव नाही. छाई म्हणजे बंगालीत राख. राखेच्या रंगाचे फोटो काढायला लावणारा बाबू तो छाईबाबू. हे नाव मोंटूदांनीच पाडलं होतं आणि ते साहेबांच्या कानावर गेलेलं होतं. त्यांना ते आवडत असावं, कारण फोनवरसुद्धा कधीकधी "हां, छाई बोलतोय" असं म्हणून समोरच्याला गोंधळात टाकायचे.

माझं काम फोटोंवर भिंग धरून बसायचं. कुठे शेत, कुठे वस्ती, कुठे पडीक, ते ओळखून खुणा करायच्या. एकदा मी एका भागावर "निर्जन" असं लिहून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "नाही, की दिसत नाही?" मी म्हटलं, "दिसत नाही म्हणजे नाहीच ना." त्यांनी मला परत पाठवलं, परत बघायला लावलं, मग पुन्हा एकदा. शेवटी मी वैतागून "वस्ती दिसली नाही" असं लिहिलं, तेव्हा कुठे सही झाली. पुढे पुढे हा प्रश्न माझ्या अंगवळणी पडला. घरी मी डब्यात साखर नाही म्हटलं की यजमान मला चिडवायला लागले, "नाही, की दिसत नाही?"

फोटो कसा धरायचा यावरही त्यांचा कटाक्ष. आपल्याकडे सूर्य दक्षिणेला कललेला, त्यामुळे सावल्या उत्तरेकडे पडतात. नकाशासारखी उत्तर वर ठेवून फोटो बघितला तर सावल्या आपल्यापासून दूर पळतात आणि डोळा फसतो. टेकडीचा खड्डा दिसतो आणि खड्ड्याची टेकडी. म्हणून आमच्या विभागात सगळे फोटो उत्तर खाली करून लावलेले. एकदा दिल्लीहून आलेल्या एका बड्या पाहुण्यांनी भिंतीवरचा फोटो उलटा टांगलाय म्हणून स्वतःच्या हातांनी सरळ केला, आणि मग "ही एवढी मोठी खाण कुठली?" असं विचारलं. ती खाण नव्हती, चांगली झाडीनं भरलेली टेकडी होती. छाईबाबूंनी नम्रपणे फोटो पुन्हा फिरवला. पाहुण्यांच्या चेहऱ्यापुढे ती टेकडी वर आली, आणि डायरेक्टरसाहेबांना खोकल्याची उबळ आली.

मराठी मंडळाच्या गणपतीत एका वर्षी सगळ्यांचा मिळून फोटो काढला. मागे पांढरी चादर लावली होती. फोटो आला तो झकास, बायकांच्या साड्यांचे काठ झळकताहेत, पुरुषांच्या टोप्या टोकदार. छाईबाबूंनी तो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. "आत्याबाई कुठायत?" त्यांनी विचारलं. मंडळात एक म्हाताऱ्या विधवा आत्याबाई होत्या, कायम पांढऱ्या लुगड्यात. मागच्या रांगेत चादरीला लागून त्या उभ्या राहिल्या होत्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या, आणि रंगानंही गोऱ्यापान. फोटोत त्यांच्या जागी नुसती चादर होती. छाईबाबू दुकानदाराकडे गेले, निगेटिव्हची काच मागून घेतली आणि मोंटूदांकडून नवीन मऊ प्रिंट काढवली. ती बघून बायका भयंकर नाराज झाल्या, कारण सगळ्याजणी काविळीतून उठल्यासारख्या दिसत होत्या. पण चादरीपुढे आत्याबाई उभ्या होत्या, चांगल्या हसत होत्या. त्यांना फोटो दाखवला तर म्हणाल्या, "अगबाई, होते होय मी त्या दिवशी!" सगळे पोट धरून हसले. छाईबाबू हसले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

ते राहायचे बागबाजारात, गंगेच्या घाटापासून जवळच. मराठ्यांच्या स्वाऱ्या अडवायला इंग्रजांनी खणलेल्या खंदकाचं टोक तिथेच कुठेतरी होतं. "आमच्या भीतीनं यांनी एवढा खंदक खणला," छाईबाबू सांगायचे, "आणि शेवटी आमच्या आजोबांना त्याच बाजूला भाड्यानं खोली दिली." काकू नागपूरच्या, बोलायला खणखणीत. मूलबाळ नव्हतं. मी रविवारी जायला लागले आणि हळूहळू "लीलाबाई"ची "लीला" आणि "तुम्ही"चं "तू" झालं. दुर्गापूजेच्या आधी बंगाली घरांसारखा काकूही घराला चुना लावून घेत. "चुना लावायचा म्हणजे आधी ह्यांना घराबाहेर काढावं लागतं," त्या म्हणायच्या. "ओली पांढरी भिंत बघवत नाही यांना. भिंत वाळेस्तोवर घाटावर बसून राहतात. कोरी भिंत दिसली की कॅलेंडरं लावतात. बघ, एकाच वर्षाची किती आहेत ती." मला आधी वाटलं, काकू नेहमीसारखं वाढवून सांगताहेत. पण खरंच त्या घरात मोकळी भिंत नव्हती.

असाच चुना लावायचा एक दिवस होता. दुपार कलली होती. काकूंनी मला घाटावर पिटाळलं, "जा, त्यांच्याजवळ बैस." ते पायरीवर बसले होते आणि पाण्याकडे बघत होते. गढूळ, फुगलेलं पाणी. त्यावर कुठूनतरी तुटून आलेल्या केळीचा खुंट वाहत चालला होता. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे पाणी तिकडूनच येतं, लीला." मी विचारलं, कुठून. मग त्यांनी सांगितलं.

"कडक स्टॅण्डर्ड मीच ठरवली होती. तरुण होतो. त्याआधी ज्याला जशी जमेल तशी प्रिंट जायची. मी शिस्त आणली. दिल्लीहून शाबासकी आली. एका वर्षी नदीला पूर आला. वरच्या अंगाला पात्रात मोठा चर होता." चर म्हणजे नदीनं टाकलेल्या वाळूचं बेट. "मदतवाल्यांनी फोटो मागवले, आम्ही पाठवले. होड्या कुठे धाडायच्या ते त्यावर ठरलं. होड्या थोड्याच होत्या. माझ्या प्रिंटमध्ये चर पांढराशुभ्र होता. नुसत्या वाळूवर होडी कोण पाठवील? पूर ओसरल्यावर मी दुसऱ्याच कामासाठी त्या फिल्मची मऊ प्रिंट काढत होतो. कागद ताटलीतल्या औषधात टाकला, आणि वाळूवर ठिपके यायला लागले. एक आला. शेजारी दुसरा. मग रांग. मग त्यांच्यातून पाण्याकडे जाणारी पायवाट. मला वाटलं कागद खराब आहे. दुसरा टाकला. पुन्हा आले. गवताच्या झोपड्या होत्या गं. वाळूच्याच रंगाच्या. ती माणसं त्या ताटलीत माझ्यापुढे वर येत होती, आणि तोवर सगळी गेलेली होती."

 पाण्याकडे बघतच ते पुढे म्हणाले, "मी जाऊन आलो तिथे. वाळू होती. अगदी माझ्या प्रिंटसारखी." मग उठून त्यांनी धोतर झटकलं आणि भिंत वाळली असेल म्हणून आम्ही घरी गेलो. त्या दिवसापासून मला त्यांच्या टकटकीचं हसू आलं नाही. उलट केबिनच्या दाराशी ते थांबले की मीही श्वास धरून थांबायला लागले, आणि आतून कुणी ओ दिली तर काय, या विचारानं भर दुपारी माझ्या अंगावर काटा यायचा.

सत्तर साल उलटलं आणि तक्रारी फारच वाढल्या. रस्ते नीट दिसत नाहीत, कालवे लागत नाहीत, फोटो की राख? शेवटी डायरेक्टरसाहेबांनी बैठक बोलावली. स्टॅण्डर्ड कायमची ठरणार होती, लेखी हुकूम निघणार होता, आणि मग कुठल्याही विभागप्रमुखाला ती आपल्या मर्जीनं बदलता येणार नव्हती. छाईबाबूंच्या निवृत्तीला थोडाच अवधी उरला होता. जाण्याआधी मऊ प्रिंटचा हुकूम निघावा एवढी एकच त्यांची इच्छा. ऑफिसात, घरी, घाटावर दुसरा विषय नव्हता. मी जुन्या फिल्म काढून कडक आणि मऊ प्रिंट शेजारीशेजारी लावून पुरावा तयार करत होते. चरांचे फोटो तर बोलके होते. पण दक्षिणेकडच्या, समुद्राकाठच्या खाऱ्या रानाचे फोटो लावले तेव्हा मी चमकले. तिथे उलटं होतं. कडक प्रिंटमध्ये काळ्या रानातून जाणारी बारीक खाडी आणि तिच्यातल्या होड्या लखलखत होत्या. मऊ प्रिंटमध्ये होड्या, खाडी, रान सगळं करड्यात करडं होऊन गेलं होतं. मी त्यांना दाखवलं. त्यांनी भिंग घेतलं, या प्रिंटवरून त्या प्रिंटवर नेलं, परत आणलं. "म्हणजे इतकी वर्षं मी इथली माणसं पुसतोय," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांचा डबा तसाच घरी गेला.

बैठकीत डायरेक्टरसाहेब चांगले वागले हे सांगायलाच हवं. ते दक्षिणेकडचे, मितभाषी, न्यायी गृहस्थ. त्यांनी चरांचे फोटो नीट पाहिले. बाकीचेही वाकून बघायला लागले. मला वाटलं, जिंकलो. मग त्यांनी विचारलं, "मऊ प्रिंट काढली तर कुणीही सुटणार नाही, अशी खात्री देता तुम्ही?" नुसतं "हो" म्हणायचं होतं. खाऱ्या रानाचा फोटो माझ्या मांडीवरच्या पाकिटात होता, टेबलावर कुणी ठेवला नव्हता. मी टेबलाखालून त्यांच्या बुटावर पाय दिला. छाईबाबू म्हणाले, "नाही. काही ना काही लपेलच. म्हणून दोन्ही द्याव्यात." परदेशी कागद तेव्हा मिळेनासा झाला होता, एका प्रिंटपुरता कसाबसा पुरे. साहेबांनी मान हलवली. "मग निदान," छाईबाबू म्हणाले, "प्रत्येक प्रिंटच्या कडेला छापा, की याची दुसरी प्रिंट निघू शकते, ती मागावी." कुणीतरी म्हणालं, सरकारी फोटोवर सरकारनंच शंका छापायची? सगळे हसले. हुकूम कडक प्रिंटचा निघाला. जिन्यात मी त्यांच्यावर चक्क ओरडले, "एक शब्द बोलायचा होता तुम्हाला!" ते म्हणाले, "कडक प्रिंटच्या वेळी तो शब्द एकदा बोलून झालाय, लीला."

निवृत्त झाल्यावर छाईबाबू घरात टिकले नाहीत. दर वर्षी होळी झाली की खांद्याला झोळी आणि हातात छत्री घेऊन हावड्याहून गाडी पकडत, आणि त्या चरांवर पायी हिंडून येत. कुठल्या चरावर नव्यानं कोण राहायला आलं, कुणाचा किनारा नदीनं खाल्ला म्हणून ते वाळूवर आले, सगळं बघायचे. परत आले की मदतकार्याच्या कचेरीत जाऊन बाकावर बसायचे आणि सांगायचे, "तिथे माणसं आहेत." तिथला अधिकारी सभ्यपणे विचारायचा, नकाशात कुठे आहेत? हे म्हणायचे, नकाशात नाहीत. असं दर वर्षी. काकू चिडायच्या. "अहो, तिथल्या कोंबड्यासुद्धा ओळखायला लागल्या असतील यांना," म्हणायच्या. पण झोळीत चिवड्याचा डबा त्याच ठेवायच्या. छाईबाबूंनी मला कधी काही करायला सांगितलं नाही. "तू तिथे आहेस, बरं आहे," एवढंच एकदा म्हणाले होते.

मग एका वर्षी ते उशिरा गेले. आदल्या पावसाळ्यात नदीनं एक सबंध गाव गिळलं आणि ती माणसं त्या जुन्याच चरावर जाऊन राहिली, असं त्यांना आता कळलं होतं. पाऊस संपता संपता जाऊन येतो म्हणाले. भाद्रपद होता. वर कुठेतरी पाणी सोडलं की काय कोण जाणे, नदी एकदम फुगली. वर्तमानपत्रात बातम्या आल्या. त्या दिवशी दुपारी ऑफिसात माझ्या टेबलापुढे काकू येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी आमच्या ऑफिसची पायरी चढली नव्हती. पातळ पोटऱ्यांपर्यंत भिजलेलं. रडत नव्हत्या. "ते चरावर आहेत, लीले," म्हणाल्या. "तुमच्या त्या फोटोत बघ."

त्या चरावरून आदल्या हिवाळ्यात विमान गेलं होतं. हुकमाप्रमाणे काढलेली कडक प्रिंट कपाटात होती. पांढरीशुभ्र. तीच मदतकार्याच्या कचेरीत गेलेली होती. मी मोंटूदांकडे गेले आणि म्हटलं, मऊ प्रिंट हवी, आत्ता. मोंटूदांनी का म्हणून विचारलं नाही. मी आत त्यांच्या शेजारी उभी राहिले. लाल दिव्याखाली कागद औषधात बुडाला, आणि छाईबाबूंनी सांगितलं होतं अगदी तसंच झालं. आधी काही नाही. मग एक ठिपका. मग शेजारी दुसरा. मोंटूदा पुटपुटले, "मा गो!" आई गं! आणि ताटली हलवणारा त्यांचा हात थांबला.

फोटो बाहेर न्यायला डायरेक्टरसाहेबांची सही लागे. मी ओली प्रिंट त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती पाहिली, काकूंकडे पाहिलं, आणि सही तर केलीच, पण टोपी घेऊन स्वतः आमच्याबरोबर आले. कचेरीत टेबलावर तोच चर पसरलेला होता, कोरा, आणि त्यावर कुणाचा तरी चहाचा कप ठेवलेला होता. मी शेजारी माझी प्रिंट ठेवली. तिथला अधिकारी म्हणाला, "हे असं धुरकट काय आहे?" डायरेक्टरसाहेब म्हणाले, "हेही आमचंच आहे. नीट बघा." तो वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग त्यानं फोन उचलला आणि त्या बाजूला होडी वळवायला सांगितलं.

होडी पोचली. चराच्या उंचवट्याला बिलगून बसलेली माणसं निघाली, पोरं निघाली, बकऱ्यासुद्धा निघाल्या. सगळी वाचली. छाईबाबू त्यांच्यात नव्हते. त्यांना आधीच ताप भरला होता, पाणी चढायला लागलं त्याच सुमारास ते गेले. वाळूवर दहनाला लाकूड कुठलं? त्या लोकांनी त्यांना नदीत सोडलं. ही बातमी घेऊन आलेल्या माणसाला काकूंनी आधी बसायला सांगितलं, मग विचारलं, "होडी येईस्तोवर बाकीचे सगळे होते ना?" होते, म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली.

आम्ही दोघी तिथे गेलो. नदीकाठच्या एका शाळेत त्या लोकांना ठेवलं होतं. फुलमती नावाची एक बाई पुढे आली. शेवटचे दिवस ते तिच्या झोपडीत होते. बंगाली मिसळलेल्या तिच्या बोलीत ती सांगत होती, आणि काकूंना ती बोली नीट कळेना म्हणून मी मराठीत सांगत होते. पाणी झोपड्यांना लागलं तेव्हा बायका रडायला लागल्या. बाबूंना धड बसवत नव्हतं. तरी म्हणत राहिले, रडू नका, होडी येईल. आमच्या ऑफिसात एक मुलगी आहे, ती दुसरी प्रिंट मागेल. "आम्ही सगळ्या तेच म्हणत बसलो होतो, दिदी," फुलमती म्हणाली, "दुसरी प्रिंट, दुसरी प्रिंट. प्रिंट म्हणजे काय असतं?"

  मी पिशवीतून ती प्रिंट काढून तिच्या हातात दिली. इतर बायाही भोवती जमल्या. फुलमतीनं कागद जमिनीवर ठेवला, वाकून पायवाट शोधली, तिच्यावरून बोट पाण्यापर्यंत नेलं आणि परत आणलं. एका ठिपक्यावर थांबली. "हे माझं घर," ती काकूंकडे बघून म्हणाली. "बाबू इथे होते." काकू तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. फुलमतीनं आपलं बोट काढून घेतलं, आणि काकूंनी त्या जागी आपलं ठेवलं.